मौनीचं तोंड

१२ जानेवारी, सोमवार

ऑर्डर आली! दीडशे बाहुल्या!

फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. हात साबणाचे, फोन मान वाकडी करून खांद्यावर धरलेला. चष्मेवाल्या बाई होत्या — आठवणीच्या वस्तूंचं ते मोठं दुकान, जिथे लोक कपाटात ठेवायला म्हणून वस्तू घेतात, त्याच्या मालकीण. "तुमची मौनी आम्हाला आवडली. प्रत्येकीच्या तळाला नंबर, स्वतंत्र खोकं, वर काच. जमेल ना?" मी म्हटलं, जमेल. फोन ठेवला. कोणी सांगितलं होतं मला जमेल म्हणायला?

नवरा म्हणाला, "अभिनंदन. आता रडू नकोस." रडत नव्हते. डोळ्यात साबण गेला होता.

१५ जानेवारी, गुरुवार

शेजारी अप्पांच्या घरी सांगायला गेले तर दादा आधीच येऊन बसलेला. एका परीनं बरंच झालं, एकदाच काय ते बोलणं झालं.

दादाचं म्हणणं मला पाठ आहे. अप्पांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. तरी ते लेथवर बसतात, फिरत्या लाकडाला पटाशी लावतात. "एक दिवस बोट जाईल. तेव्हा दवाखान्यात तू बसणार आहेस का?" शिवाय मागची खोली — आम्ही तिला कारखाना म्हणतो, एक लेथ आणि एक फळी, झाला कारखाना — ती त्याला माल ठेवायला हवी आहे. तो वाईट नाही. त्याला खरंच भीती वाटते. मलाही वाटते, पण मी ते त्याला कशाला सांगू?

ठरलं ते असं. ही ऑर्डर सुरळीत गेली आणि बाईंनी पुढे काम चालू ठेवलं तर लेथ राहील. नाही तर एप्रिलअखेर लेथ विकायचा. अप्पा नुसती बोटं एकमेकांवर घासत होते.

आई गेल्यावर लेथ बंद होता तेव्हा ते असेच बसायचे. सकाळी बसले की दुपारी त्याच जागी. जेवलात का विचारलं तर आठवावं लागायचं. ते मला पुन्हा बघायचं नाही. म्हणून हा सगळा खटाटोप, बाकी काही नाही.

१९ जानेवारी, सोमवार

कामाची घडी बसतेय. अप्पा कोरी बाहुली देतात. डोकं, मान, घेरदार अंग, सगळं एकाच लाकडात. अंगठा फिरवून बघतात, कुठे खरखर लागली की पुन्हा लेथवर. माझ्याकडे आल्यावर मी रंगवते. काळे केस, मधोमध भांग, दोन डोळे, गालांवर लाली, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे. आईची होती तशीच.

आईचा हात मला आलाय असं म्हणवत नाही. मी लहान असताना तिनं रंग बंद केले, बाजारात प्लॅस्टिकच्या बाहुल्या आल्या तेव्हा. मी शिकले ते गेल्या वर्षी, तिच्या ट्रंकेत सापडलेल्या सात बाहुल्यांकडे बघून. सातही जुन्या, रंग उडालेला, पण डोळे अजून टक्क. आणि सातांपैकी एकीलाही तोंड नाही! आईची हीच तर खासियत. बिनतोंडाची बाहुली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

'मौनी' हे नाव माझं. बाईंना पहिला नमुना दाखवायला निघाले तेव्हा बसमध्ये सुचलं. 'जिच्यापाशी बोललेलं बाहेर जात नाही, ती मौनी.' बाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. खोक्यावर छापताना त्यांनी पुढे 'पिढ्यानपिढ्या' हा शब्द घातला. पिढ्या म्हणजे आमची आई आणि तिची सासू! पण बाईंना कोण सांगणार.

२० जानेवारी, मंगळवार

अप्पा रंगवलेल्या बाहुलीला हात लावत नाहीत. आज मुद्दाम म्हटलं, बघा तरी कशी झालीय. "रंगाचं मला काय कळतं," म्हणाले आणि उठून गेले. आई गेल्यापासून असंच. कोरी द्यायची आणि मोकळं व्हायचं.

२४ जानेवारी, शनिवार

चाळीस झाल्या. मान आखडलीय. आज एकीचा डावा डोळा वर गेला, तिच्याकडे बघून मलाच तिरळं व्हायला झालं. पुसून पुन्हा काढला.

सारखं वाटतं की काहीतरी राहतंय. नवरा म्हणतो, तुला लग्नाच्या दिवशीही असंच वाटत होतं.

२८ जानेवारी, बुधवार

खोकी आली. दीडशेच्या दीडशे, छापून. सुंदरच झालीत. बाहेरच्या खोलीत चालायला जागा नाही. नवरा खोक्यांच्या मधून अंग चोरत जातो आणि प्रत्येक वेळी "माफ करा, मौनीबाई" म्हणतो.

पन्नास बाहुल्या वाळून तयार आहेत. आता भीतीचं कारण नाही, असं स्वतःला सांगितलं. सांगताना आवाज जरा मोठाच निघाला.

१ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू.

दुपारी कारखान्यात फळीवर बाहुल्या वाळत होत्या. मी रंगाची वाटी धुवायला उठले तर पदर अडकला आणि एक खाली पडली, घरंगळत थेट अप्पांच्या पायाशी. त्यांनी सवयीनं उचलली. सवयीनंच अंगठा फिरवला. केसांवरून, भांगावरून, डोळ्यांवरून. रंगाचा थर बोटाला लागतो. अंगठा खाली आला आणि तिथेच थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

"तोंड राहिलंय गं हिचं."

म्हटलं, अप्पा, तोंड नसतंच तिला. म्हणून तर मौनी.

"कोणी सांगितलं?"

"आईच्या बाहुल्यांना नाहीये. ट्रंकेतल्या."

"आण इकडे."

ट्रंकच ओढून आणली, सातही बाहेर काढल्या. एकेक हातात घेऊन त्यांनी बघितल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तोंडाच्या जागी नख फिरवलं. मग म्हणाले, "ह्यांची पुसली गेलीत. पोरं ह्यांना घास भरवायची ना. भरवून भरवून जातं ते. तुझ्या आईनं बिनतोंडाची एक बाहुली घराबाहेर जाऊ दिली नाही."

मी ट्रंकेवरच बसले. साठ बाहुल्या माझ्याकडे बघत होत्या.

२ फेब्रुवारी, सोमवार

दादाला फोन केला. वाटलं, अप्पांचं वय झालंय, गोंधळ झाला असेल त्यांचा. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा, त्याला आठवत असेल.

आठवतंय, चांगलंच आठवतंय! "अगं, पोरं यायची ना मागच्या दारी, बाहुल्या घेऊन. पुसलेलं तोंड पुन्हा रंगानं भरून न्यायला. आई त्यांना ओट्यावर बसवायची. पैसे नाही घ्यायची. फक्त विचारायची, काय भरवलंस हिला? पोरगं सांगायचं, मग ती भरून द्यायची. त्या वेळी तू रांगत होतीस."

"आणि ट्रंकेतल्या त्या सात?"

"त्या दुरुस्तीला आलेल्या असतील. पोरं मोठी झाली, न्यायला आलीच नाहीत. आईला टाकवल्या नसतील."

मी मघापासून हेच एक वाक्य डोक्यात घोळवतेय. दुरुस्तीला आलेल्या. मी नमुने समजून जे गिरवत बसले ते नमुने नव्हतेच. मोडकं तेच खरं समजले आणि त्याला नाव देऊन, गोष्ट रचून, काचेत बसवलं.

दादाला विचारलं, मग इतके महिने बोलला का नाहीस? म्हणाला, "मी कुठे बघितल्यात तुझ्या बाहुल्या? मला वाटलं, तोंड शेवटी काढत असशील." अप्पांनी हात लावला नाही, दादानं बघितलं नाही. छान आहे आमचं घर.

४ फेब्रुवारी, बुधवार

बाईंना सांगायचं का?

सांगितलं तर ऑर्डर जाणार. खोकी छापलेली, नाव ठरलेलं. ऑर्डर गेली की लेथ गेला आणि लेथ गेला की अप्पा पुन्हा खाटेवर. नाही सांगितलं तर आईच्या नावावर खोटं खपवायचं, तेही नंबर घालून.

नवरा म्हणतो, "कोणाला कळणारे? मौनीसारखी गप्प बस." मग माझं तोंड बघून म्हणाला, "बरं बाई, नको बसूस."

भाजीत दोनदा मीठ घातलं. कोणी काही बोललं नाही, तेव्हा कळलं की माझा चेहरा कसा झाला असेल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

समजा सांगितलं आणि बाई म्हणाल्या, काढा तोंड. कसं काढू? नमुना कुठे आहे? सातही पुसलेल्या. एका जुन्या फोटोत एका मुलीच्या हातात बाहुली आहे, तीही पाठमोरी.

आज आठ तोंडं काढून पाहिली, एका टाकाऊ बाहुलीवर. एक टूथपेस्टच्या जाहिरातीतलं. एक रुसलेलं. एक हुबेहूब वहिनी — ते जरा वेळ ठेवलं आणि मग दादा येईल म्हणून घाईघाईनं पुसलं. एकही तोंड त्या डोळ्यांना शोभत नाही. हसरं काढलं की डोळे खोटे वाटतात.

शेवटी अप्पांकडे गेले. कसं असायचं तोंड? बंद, उघडं, हसरं?

"मला काय माहीत."

"अप्पा, तुम्ही समोर बसायचात की. तेव्हा तर दिसायचं तुम्हाला."

"हो. पण बाहुलीकडे कोण बघतंय? मी तिच्याकडे बघायचो."

मग ते स्वतःशीच हसले आणि म्हणाले, "तोंड काढायला लागली की तिचं स्वतःचंच तोंड असं व्हायचं." आणि त्यांनी करून दाखवलं. आ. लहान मुलाला घास देताना आपण आपलंच तोंड उघडतो ना, तसं. दात नसलेलं, म्हातारं, गोल आ.

मी बघतच राहिले. मग कुंचला शोधायला धावले.

७ फेब्रुवारी, शनिवार

उघडं होतं! तोंड उघडं होतं. लाल गोल, आत जरासा काळोख. ती हसत नव्हती आणि बोलतही नव्हती. घास मागत होती. म्हणून पोरं भरवत होती आणि म्हणून तोंड जात होतं.

पहिलं तोंड काढताना लक्षात आलं की माझंही तोंड उघडं आहे. नवरा दारात उभा राहून बघत होता. "माशी जाईल," म्हणाला. मी तोंड मिटलं तर हात थांबला. पुन्हा उघडलं तेव्हा जमलं.

डोळे आता पहिल्यांदा खरे दिसतात. इतके दिवस मला वाटायचं की त्या विचारात आहेत. भुकेल्या होत्या बिचाऱ्या.

९ फेब्रुवारी, सोमवार

बाईंना फोन केला. आधी पाणी प्यायले, मग कागदावर मुद्दे लिहिले आणि मग मुद्दे सोडून सगळं एका दमात सांगून टाकलं. दुरुस्तीच्या बाहुल्या, भरवणं, आ, सगळं.

बाई म्हणाल्या, "खोकी छापून झालीत हो."

शनिवारी येते म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाई येऊन गेल्या.

आधी बाहेरच्या खोलीतली खोकी बघितली, मग कारखाना. अप्पांनी कोऱ्या बाहुलीवर अंगठा फिरवून दाखवला. मी दोघींना शेजारी ठेवलं, मौनी आणि ही तोंडवाली. बाईंनी हिला हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, जवळ धरली. आणि त्यांचं तोंड हळूच उघडलं! त्यांना पत्ताही नव्हता. मी नवऱ्याकडे बघितलं, त्यानं छताकडे बघितलं.

पण बाई व्यवहाराला पक्क्या. "मला आवडून उपयोग नाही. घेणाऱ्याला मौनी आवडलीय. लोक म्हणतात, घरात एक तरी ऐकून घेणारं असावं." शेवटी ठरलं ते हे. साठ मौनी तयार आहेत, त्या जातील, पण खोक्यावरचं 'पिढ्यानपिढ्या' झाकायला चिकटपट्टी लावायची (हे मी मागून घेतलं, निदान तेवढं). तीस तोंडवाल्या करून बघायच्या. त्या खपल्या तर उरलेल्या साठांचं बघू. "आणि रंग पक्का हवा. वॉर्निश मारा. संग्रहाची वस्तू आहे. एक जरी परत आली ना, तर मला ह्या बाहुल्या बंद कराव्या लागतील. तुमच्यावर राग नाही, पण दुकानाचं तसंच असतं."

एक जरी. दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा पुन्हा म्हणाल्या, हसून, पण म्हणाल्याच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

वॉर्निशचा डबा उघडला तसे अप्पा आतून आले. वास आला असणार.

"तोंडाला लावू नकोस ते. आई तिथे नुसता डिंकात कालवलेला रंग लावायची. पोटात गेला तरी चालेल असा. पोरं तोंडाला तोंड लावतात."

म्हटलं, अप्पा, ह्या पोरांसाठी नाहीतच. मोठी माणसं घेणार, काचेत ठेवणार. कोणी हात लावणार नाही.

"मग तोंड कशाला काढलंस?" अप्पा म्हणाले.

आणि लेथवर जाऊन बसले. मी कुंचला हातात धरून तशीच. राग आला मला, खरंच आला. त्यांचाच लेथ वाचवायला मी जीव काढतेय आणि हे मला असले प्रश्न घालतात! जाऊन विचारावंसं वाटलं, लेथ हवाय का नको?

विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

सगळ्या अंगाला वॉर्निश मारलं. तोंड सोडून. तीसच्या तीस.

बाईंना सांगितलं नाही. सांगणार आहे. आज नाही.

५ मार्च, गुरुवार

गेल्या सगळ्या. टेम्पो वळेपर्यंत दारात उभी होते. घर एकदम मोठं झालंय.

१२ मार्च, गुरुवार

फोन नाही. फोन नसणं चांगलं की वाईट?

बाईंना वॉर्निशचं सांगायला दोनदा नंबर लावला आणि दोनदा कापला.

२७ मार्च, शुक्रवार

बाईंचा मेसेज. मौनी भराभर जातायत. लोक फोटो पाठवतात, मौनी दिव्याखाली, मौनी पुस्तकांच्या कपाटात. तोंडवाल्या मात्र पडून आहेत. "एका गिऱ्हाइकानं विचारलं, ही घाबरलीय का?"

मी ते अप्पांना सांगितलं नाही. लेथ चालू होता. त्यांनी न सांगता नव्या साठ कोऱ्या कातायला घेतल्यात. थांबा म्हणायला गेले आणि दारातून परत आले. गुणगुणत होते. कितीतरी वर्षांनी.

३ एप्रिल, शुक्रवार

तोंडवाल्या सहा गेल्या. बाई म्हणतात, घेणारे वेगळेच लोक आहेत. घ्यायला येतात मौनी आणि सोबतचं पोर धरून बसतं तोंडवालीच.

मी स्वतःला म्हटलं, पोर! आणि लगेच दुसरा विचार आला की पोर म्हणजे भरवणं आलं, भरवणं म्हणजे तोंड गेलं. इतकी वर्षं मला आनंद धड एक मिनिट टिकवता आलेला नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

आलं.

बाईंचा मेसेज, एवढाच — "तोंडवालीची एक तक्रार आहे. रंग पुसला गेलाय. मी बाहेरगावी आहे, सोमवारी बघू."

मी लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. शेवटी मेसेजमध्येच लिहिलं की तोंडाला वॉर्निश मी मुद्दाम लावलं नव्हतं, सांगायला हवं होतं, चूक माझी आहे, अप्पांची नाही. पाठवला आणि फोन पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला. का, ते मला विचारू नये.

११ एप्रिल, शनिवार

नवऱ्यानं दादाला सांगितलेलं दिसतंय. सकाळीच दादा टेप घेऊन हजर. कारखान्याची लांबी घेतली, रुंदी घेतली. अप्पा लेथवर होते. टेपचा आवाज त्यांना कळतो, पण हात थांबला नाही.

जाताना दादा माझ्याजवळ येऊन थांबला. "तू केलंस तेवढं कोणी केलं नसतं," म्हणाला. त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

अप्पांना कसं सांगू? महिनाअखेर म्हणजे समोरच आलीय. लेथ नसला तर त्या हातांना द्यायचं काय? शेंगा सोलायला देऊ? लोकर गुंडाळायला?

१२ एप्रिल, रविवार

आज सांगायचं ठरवून गेले. त्यांच्यासमोर बसले. ते म्हणाले, "आलीस? बघ बरं, ही मान बारीक झाली का?" मी बाहुली हातात घेतली. मान अगदी बरोबर होती. तसं सांगितलं आणि घरी आले.

१३ एप्रिल, सोमवार

सकाळपासून मी कारखान्यातच होते. दार वाजलं. बाई असणार म्हणून केस सारखे केले, माफीचं वाक्य मनात एकदा म्हणून घेतलं आणि उघडलं.

बाई नव्हत्या. एक अनोळखी बाई, आणि तिच्या बोटाला धरून चार-पाच वर्षांची मुलगी. मुलीच्या बगलेत आमची बाहुली, मान खाली लोंबत. तोंड साफ गेलेलं.

"दुकानातून पत्ता मिळाला. मॅडम नवीन द्यायला तयार होत्या, पण ही ऐकेचना. हिला हीच हवी. म्हणते, हिला जेवता येत नाहीये, तोंड लावून द्या." मग जरा संकोचून म्हणाली, "मॅडमनी विचारायला सांगितलंय, असं तोंड परत काढून देणं तुम्ही नेहमी करता का? तसं असेल तर पुढच्या खोक्यांवर छापू म्हणाल्या."

मागे लेथ थांबला. "कोण गं?"

"तोंड भरून न्यायला आलेत, अप्पा."

ते भिंतीला हात लावत बाहेर आले. पायरीवर बसले आणि हात पुढे केला. मुलीनं बाहुली दिली. त्यांनी अंगठा फिरवला. मला विचारायचं होतं, आईचा तो प्रश्न, मनात जुळवतही होते, पण त्यांनी आधी विचारला. "काय भरवलंस हिला?"

मुलीनं एकदा आईकडे बघितलं. मग अप्पांच्या कानाशी तोंड नेलं आणि आम्हा सगळ्यांना ऐकू येईल अशी कुजबुजली, "माझं औषध. सगळं."